गळता सांधा दुरुस्त झाला, आता गाडी सोडावी

प्रति,
मा. रस्ते व पदपथ अधिकारी,
नगरपालिका, हॅदरक्लो.

विषय : खिडक्या धुण्याच्या गाडीवरील रिळाची गळती थांबल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या निरीक्षकांनी गाडीच्या काचेवर डकवलेली नोटीस.

महोदय,

१. मी ग्लेनिस ऑकरॉइड व माझे पती ट्रेवर गावातल्या खिडक्या धुतो. गाडीत पाण्याची टाकी व पाइप गुंडाळण्याचे रीळ आहे. मंगळवारी मिसेस थ्रेलफॉल यांच्या घरासमोर रिळाचा सांधा गळून पदपथ ओला झाला व त्यावर आपले निरीक्षक श्री. बर्टविसल घसरून बसले. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ट्रेवर हसले, ते त्यांना नव्हे.

२. नोटिशीनुसार दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवण्यास मनाई आहे. लगेच पान्हा काढला असता निरीक्षक म्हणाले, "रस्त्यावर दुरुस्तीला बंदी आहे." रीळ सोडवून घरी न्यावे म्हटले, तर सोडवणे हीसुद्धा दुरुस्तीच, असे त्यांचे मत पडले. "मग आम्ही करायचं काय?" असे विचारता त्यांनी "अर्ज करा" असे सांगितले.

३. सोमवारी शाळेच्या खिडक्यांचे काम आहे. कडक हिवाळ्यानंतरचे हे आमचे पहिले मोठे काम. आम्ही पोचलो नाही तर ते दुसऱ्याकडे जाईल. हे ऐकून मिसेस थ्रेलफॉल घरातल्या चपला घालूनच बाहेर आल्या. "माझ्या दारात नियम सांगतोय मेला! चालवायची नाही ना? मग ढकला! लाव गं पोरी खांदा!" त्यानुसार साऱ्या आळीने गाडी त्यांच्या अंगणात ढकलली. पाववाल्याची कंबर धरली आहे. त्याची तक्रार नाही.

४. अंगणात ट्रेवर यांनी सांधा उघडला. आतली रबरी कडी थंडीने चिरली होती. नवी बसवून पंप सुरू केला. थेंबही पडला नाही. श्री. बर्टविसल यांनी सांधा चाचपला, खाली कोरडा रुमाल धरला, शेवटी कानही लावला. मग म्हणाले, "गळती जिथे नोंदली, तिथेच ती थांबल्याचं दिसायला हवं, बाई."

५. गाडी परत तिथे ढकलण्यास आळी तयार आहे. परंतु त्या जागी आज सकाळपासून एक निळी मोटार उभी आहे. चौकशीअंती ती आपली असल्याचे समजते.

६. आपण पाहणीसाठी जातीने आलात, याबद्दल आभारी आहोत. सध्या आपण मिसेस थ्रेलफॉल यांच्या स्वयंपाकघरात असल्याने हा अर्ज खिडकीतून देत आहे. आल्याचा केक संपल्याशिवाय त्या आपणांस उठू देणार नाहीत, हे आम्ही अनुभवाने जाणतो. तरी आपण सावकाश खावे. फक्त मोटारीची किल्ली तेवढी याच खिडकीतून बाहेर द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
ग्लेनिस ऑकरॉइड
शुक्रवार, १४ मार्च

सोबत : चिरलेली रबरी कडी (कागदाच्या पुडीत).