अब्बांचा कोंबडा

वरवंड, ता. दौंड
दि. १८ नोव्हेंबर १९९६

सौ. मुमताज आपा यांस,
भावजय राबियाचा सलाम वि. वि.

शिरूरला तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडं अब्बांची तब्येत बरी आहे, पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालायलाच हवी. मागच्या आठवड्यात मुंगूस खुराड्यात शिरलं आणि आपल्या तांबड्या कोंबड्याचा गळा धरला. मी काठी घेऊन धावले म्हणून जीव वाचला. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. जगेल म्हणाले, पण बांग देईल का ते सांगता येत नाही म्हणाले. शेजारच्या सगुणाबाई म्हणतात, आता ह्यो कशाचा जगतोय, रस्सा कर आन् मोकळी हो. मी हळद-तेल लावून त्याला डालग्याखाली झाकलाय, चमच्यानं बाजरीची पेज पाजते.

तुम्हाला ठाऊकच आहे, नजर गेल्यापासून अब्बांचा दिवस त्याच्या बांगेनं उगवतो. आपलं घर मळ्यात, मशिदीतली अजान वारा इकडचा असला तरच ऐकू येते. आता त्यांना सकाळच सापडत नाही. काल ऊन अंगणभर झालं तरी पडून होते, आणि तिन्हीसांजेला उठून पहाटेच्या नमाजासाठी वजूला पाणी मागितलं. मी वेळ सांगितली तशी परत खाटेवर टेकले. मग म्हणाले, स्वप्नात तुझी सासू अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती, तिला म्हटलं थांब, उजाडलं की येतो, पण उजाडेचना.

आपा, मला भीती वाटते. असेच ते एक दिवस तिकडंच राहून जातील. तुमचे भाऊ सणसवाडीच्या कंपनीत, रविवारीच येतात. सल्ला तुम्हालाच विचारते.

घरात सर्वांना सलाम. पोरांना माझ्या वाटचा पापा द्या आणि मला विसरू नका.
तुमची
राबिया


शिरूर
दि. २४ नोव्हेंबर

चि. सौ. राबियास,
मुमताजचे अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीपाशीच वाचलं, भाकर करपली. नवी नवरी होतीस तेव्हा कोंबडं अंगावर आलं की ओट्यावर चढायचीस, आणि आता त्याला चमच्यानं भरवतेस. अम्मी असती तर तोंडाला पदर लावून हसली असती.

बाजारात तसाच तांबडा दिसला होता. पण दुसऱ्याचा आवाज अब्बांना फसवेल का? मी ठरवलंय, अब्बांना इकडं आणायचं. मशीद आमच्या भिंतीला लागून आहे, अजान थेट घरात येते. खोली सारवून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात यांना घेऊन येते. तू वाईट वाटून घेऊ नकोस. सून म्हणून तू खूप केलंस, पण लेकीचाही जीव तुटतो.

काळजी करू नकोस, जेवत जा. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी
आपा


वरवंड
दि. ३० नोव्हेंबर

सौ. मुमताज आपा यांस,
राबियाचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, मुमताजच्या घरी न्हाणी कुठल्या अंगाला, रांजण कुठं ठेवतात. मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. खाटेवर बसल्या बसल्या हात पुढं करून ते मनातल्या मनात तुमच्या घरात चालत होते. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, कोंबडा माझ्याकडं दे.

इतके दिवस मी तो त्यांच्यापासून लांब ठेवला होता. त्यांनी बोटांनी टाके चाचपले आणि स्वतःच पेज भरवायला घेतली. आता तो दाणे टिपतो, दिवसभर कोंबड्यांमागं हिंडतो, रात्री अब्बांच्या कुशीला निजतो. आवाज मात्र गेला तो गेलाच.

आज अब्बांनी मला हाक मारली. म्हणाले, राबिया, ऊठ, उजाडतंय. बाहेर धुकं, काळोख. पुन्हा चुकले असं वाटून मला भरून आलं. त्यांनी माझा हात धरून कोंबड्याच्या छातीवर ठेवला. त्यानं मान ताणली, चोच उघडली, छाती फुगली आणि माझ्या तळव्याखालून काहीतरी थरथरत वर गेलं. आवाज कसला नाहीच. थोडं थांबून पुन्हा तसंच. मी पाणी तापवेपर्यंत धुक्यातून ज्वारीची कणसं दिसायला लागली होती.

नमाज झाल्यावर अब्बांनी चहा मागितला. मी विचारलं, शिरूरला निघायचं का. म्हणाले, मुमताजला कळव, ईदला चार दिवस येऊन जाईन. जास्त जमायचं न्हाई. ह्याची बांग मलाच कळते, घर उठवायचं काम आता माझ्याकडं आलंय.

तुम्ही या, आपा, पण न्यायला नको, राहायला या. माझ्यावरची माया आटू देऊ नका, एवढंच मागणं.
तुमची
राबिया