श्वासात घालायची चांदी

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. हे फिरतीवर आहेत, पुढच्या आठवड्यात उगवतील. पत्रास कारण भिंगरीचा दमा. आठ वर्षांची पोर जिना चढताना दोनदा बसते, ते बघवत नाही. घरी वाफ द्यायचं मशीन घ्यावं म्हणते. आमच्या श्वासवर्गाचे सर म्हणतात, मुठीत मावतं ते जाळीचं घ्या. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणते, कॉम्प्रेसरचं दणकट. घरात मशीनं दुरुस्त करणारा भाऊ असताना मी परक्यांचं का ऐकू?

नाना मजेत आहेत. आई गेल्यापासून त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. गेलं वर्षभर मात्र पुन्हा बैठकीवर बसून काहीबाही करत असतात. आयुष्यभर चांदी घडवलेले हात, रिकामे राहतात थोडेच.

उत्तर चार ओळींपेक्षा मोठं असावं, आणि वहिनीकडून लिहून घेऊ नये. आहे तेवढा लोभ पुरे, वाढला तर नको म्हणणार नाही.

तुझी,
धाकटी

१० जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पाच ओळी मोजून घे. कॉम्प्रेसरचंच बरं. जाळीची भोकं इतकी बारीक असतात की औषध जरा दाट किंवा गढूळ असलं की तुंबतात, आणि मग माणूस सुईने टोचत बसतो. दुकानातलं एक चांगलं मशीन तपासून पाठवतो आहे. औषध भरायच्या वाट्या दोन ठेवल्यात, एक धुऊन वाळत असली की दुसरी हाताशी. मास्क पोरीच्या गालाला नीट बसला पाहिजे, नाहीतर वाफ डोळ्यांत जाते. रोजचा पंप मात्र मशीन आलं म्हणून सोडू नका.

मशीन खोक्यात घालताना मी दरवेळी देवाचं नाव घेतो. कुणाच्या तरी छातीत जाणारा वारा त्यातून निघणार असतो. भिंगरीच्या खोक्यावर दोनदा घेतलं.

नानांना नमस्कार सांग. राग-लोभ दोन्ही तुझ्यावरच आहेत.

दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

मशीनला तोड नाही. आता खरं सांगते, तेव्हा सांगितलं असतं तर तू हसला असतास. आम्ही वाफ देतो ती चांदीच्या पाण्याची. सरांनी वर्गात शिकवलं. नाना शुद्ध चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडतात, बॅटरी जोडतात, पाणी पिवळसर होतं. सर म्हणतात की त्यापुढे एकही जंतू टिकत नाही. नाना स्वतः वर्षभर पितात, आता वाफही घेतात. वर्गातल्या बायकांनासुद्धा तेच बरण्या भरून देतात.

भिंगरीला सुरू करून महिना झाला. रोजचा पंप सरांच्या सांगण्यावरून बंद केला आणि एकदाही धाप नाही. मी वर्गात उभी राहून सांगितलं, तर अकरा जणींनी तू सांगितलेलंच मशीन घेतलं.

एकच विचारायचं होतं. दोघांच्या वाट्या वेगळ्या ठेवल्यात. नानांची काळवंडते, कशानेही निघत नाही. भिंगरीची मात्र लख्ख राहते. बरणी एकच, मग असं का? सर म्हणतात की मुलांचा श्वास शुद्ध असतो. नानांची वाटी कशाने धुऊ?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी

२ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आ.

तुझं पत्र दुकानाच्या मागच्या बाकावर वाचलं आणि डबा न उघडताच परत नेला. मला शिसारी आली, दुसरा शब्द नाही.

गेले काही महिने माझ्याकडे अशा वाट्या येतात. आतून करडा थर, कडेला काळी चिकट रेघ, नळीला कुबट वास. लोक घाणेरडे आहेत असं समजून मी ती रेघ नखाने खरवडायचो. आज मालकांना विचारलं, तर हसले. म्हणाले की ही चांदीवाली मंडळी, दर तीन महिन्यांनी नवी वाटी न्यायला येतात, आपण कशाला विचारायचं. त्या हसण्याचीही मला तितकीच शिसारी आली. वरच्या मजल्यावरच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, याने फुप्फुसाचा कुठलाही आजार बरा झाल्याचा पुरावा नाही. फुप्फुसं मात्र चिडतात, चांदी अंगात साठते, कातडी निळसर झाली तर परत पहिल्यासारखी होत नाही.

आणि नाना? कानस चालवताना ते आपल्या दोघांच्या नाकाला ओलं फडकं बांधायचे, चांदीची धूळ छातीत जाऊ नये म्हणून. तोच माणूस हे करतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

आता वाटीचं. वाटीला श्वास कळत नाही. एकाच बरणीतलं पाणी असतं तर दोन्ही सारख्याच काळवंडल्या असत्या. पोरीच्या वाटीत काय जातं ते नानांना विचार. पंप आजच्या आज सुरू कर, आणि त्या अकरा घरांत जा.

मीही यात आहे. काय भरणार हे न विचारता मशीन बांधलं आणि वर देवाला साक्षीला बोलावलं. त्याची लाज वाटते.

दादा

८ मार्च

चि. थोरल्यास,
आशीर्वाद.

धाकटीने तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि शेजारी कोरा कागद. म्हणून मी लिहितो.

पोरीच्या वाटीत चांदी एकदाही गेली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मिठाचं पाणी मी भरत होतो. रोजचा पंप शाळेत सोडताना जिन्याच्या वळणावर देत होतो. तिने गुपित पाळलं, आईपेक्षा घट्ट तोंडाची आहे.

कसाला न लावलेली वस्तू नातीला कशी देऊ? म्हणून आधी माझ्याच छातीवर कस लावला. वाफेचे सहा महिने पुरे झाले की सांगणार होतो. त्याआधीच चांदी खोटी ठरली. खोकला थांबत नाही. नखांच्या मुळाशी करडा-निळा रंग आला आहे. चिंच लावून घासली, वेड्यासारखी घासली, जात नाही. जेवताना स्वतःच्याच हाताची किळस येते.

पण त्याहून घाण गोष्ट पुढे आहे. नातीपुरता कस लावला आणि बाकीच्यांना न लावताच बरण्या भरून दिल्या. पन्नास वर्षांत असं केलं नव्हतं. तुझी आई गेल्यापासून माझ्याकडे कुणी काम घेऊन आलं नव्हतं, आणि या बायका नाना नाना करत बैठकीपाशी बसायच्या. मला ते गोड लागलं. मी गप्प राहिलो, आणि धाकटी माझ्या गप्प राहण्याची जाहिरात करत फिरली.

तू रागावलास ते बरं केलंस. नाना.

१६ मार्च

ती. दादास,
सा. न.

आधी नानांना डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसांना सूज आहे, खोकला हळूहळू जाईल म्हणाले. रंग राहणार.

मग वर्गात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले की निळेपणा म्हणजे आतली घाण बाहेर येणं, आणि घरची भांडणं वर्गात आणू नयेत. या माणसापुढे मी वर्षभर पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते, दादा. घरी येऊन चूळ भरली, तरी तोंडाची चव जाईना.

नाना आणि मी घरोघर गेलो. नाना फक्त टेबलावर हात पसरायचे. आठ जणींनी बरण्या आमच्यासमोर मोरीत ओतल्या. दोघी सरांना विचारून बघू म्हणाल्या. अकरावी ती खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई. तिचा मुलगा भिंगरीहून लहान. ती म्हणाली, तुझी पोर समोर उड्या मारतेय, आणखी काय पुरावा हवा. मी म्हटलं, ते मिठाचं पाणी होतं, आणि पंप. तर म्हणाली, गुण आला तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलीस, आता तुमच्यापुरतं ठेवायचंय होय. आणि दार लावलं.

काल दुपारी तिने आमची बेल दाबून धरली. मुलगा जिन्यातच बसला होता, खांदे वर, ओठ पांढरे. त्याचे पंप तिने केव्हाच टाकून दिले होते. भिंगरीने आपला तातडीचा पंप मी मागायच्या आत आणून दिला. मी त्याला दिला, त्याच्या आईने त्याची पाठ धरली. नाना गाडी बघायला धावले, धावताना खोकत होते. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवलं, आता घरी आहे.

ती आभार मानायला आलेली नाही, आणि येऊ नये. गाडी येईपर्यंत, त्याचा श्वास जरा सरळ होईपर्यंत, आम्ही दोघी त्याला मधे घेऊन पायरीवर बसलो होतो. एकमेकींकडे बघवत नव्हतं.

मला लिहीत राहा.

धाकटी