मस्टँग, ब्युइक आणि शिरीषची सही

मी, देवदत्त केशव पाटणकर, वय ५४, राहणार नावन, काउंटी मीथ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. आजमितीस डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. माझी पत्नी उर्मिला हिने ते दोनदा वाचून खात्री करून घेतली.

१. घर, ठेवी आणि या मृत्युपत्राने दुसऱ्या कोणाला न गेलेलं सर्व काही उर्मिलाचं.

२. १९८७ची काळी ब्युइक मुलगी स्वराली हिला. सहा सिलिंडर, टर्बो. गरीब गाईसारखी उभी असते, पण पाय दाबला की मान मागे आपटते. "इट्स ग्रँड, बाबा," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', एवढंच पोरगी म्हणते, पण रविवारी किल्ली तिच्याच खिशात सापडते.

३. १९६९ची लाल मस्टँग माझा मित्र शिरीष दांडेकर, राहणार ट्रली, याला. आठ सिलिंडर, कार्ब्युरेटर. थंडीत चोक ओढून मिनतवाऱ्या कराव्या लागतात, पण एकदा सुरू झाली की शेजारच्या खिडक्या थरथरतात. हा गृहस्थ अकरा वर्षं सांगत होता, की ब्युइकपुढे मस्टँग म्हणजे नुसता आवाज, वळणावर तर बैलगाडीच. म्हणून त्याला हीच द्यावी. हाक म्हणावं आता बैलगाडी!

४. २०१९च्या दसऱ्याला गाड्यांची पूजा करताना या शहाण्याने नारळ दगडावर न फोडता मस्टँगच्या क्रोमच्या बंपरवर फोडला. "आमच्या सांगलीत ट्रकवर असाच फोडतात," हे आणि वर! मी नाही नाही ते बोललो. तेव्हापासून अबोला आहे. चूक त्याची, पण तोंड माझं सुटलं. मला त्याची फार आठवण येते. बंपरचा पोचा कोणीही काढू नये.

५. हत्यारं स्वरालीला. अर्ध्या इंचाचा पाना शिरीषकडे आहे, तो वसूल करावा.

६. इथल्या आयरिश कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सबब शिरीषला सहीच्या आसपास फिरकू देऊ नये. साक्षीला शेजारची पूर्णिमा आणि पलीकडच्या घरातला ज्ञानेश येतील.

सहीपूर्वी हाताने जोडलेला मजकूर: ज्ञानेश आज सकाळी कोविड पॉझिटिव्ह निघाला. उर्मिलाने मला न विचारता ट्रलीला फोन लावला. चार तास गाडी हाकत शिरीष आला, तोंडाला मास्क, हातात पाना. अंगणात उभ्या उभ्या सगळं वाचलं. तिसऱ्या कलमाशी डोळे पुसले आणि म्हणाला, "पेन आण."

"अरे येड्या, सही केलीस तर गाडी जाईल तुझी."

"जाऊ दे. मेलेल्याची गाडी नकोय मला. बरा हो आणि स्वतः चालवत आणून दे."

मी रडलो, हेही नमूद करतो. तिसरं कलम खोडत नाही. मी गेलो तर गाडी पहिल्या कलमाने उर्मिलाची. राहिलो तर ट्रलीला नेणं माझ्याकडे लागलं. मस्टँगच्या बॉनेटवर कागद ठेवून, पूर्णिमा आणि शिरीष या दोघांच्या देखत सही करतो.

नावन, शनिवार, १२ जून २०२१
देवदत्त के. पाटणकर

साक्षीदार, एकमेकांच्या व देवदत्तच्या समक्ष:
१. पूर्णिमा सहस्रबुद्धे, नावन
२. शिरीष दांडेकर, ट्रली. पाना परत केला. दसऱ्याला वाट बघतो. नारळ दगडावर फोडेन.