केवळाबाईच्या नावाची ओ

६ एप्रिल
आधी तक्रार. वकिलाला गादीची खुर्ची अन् मला डुगडुगणारं स्टूल! बाकी राम राम, नोकरी झकास हाय. मी मनकर्णा, तिसरी पास, सेलूत सिताराम वकिलाच्या हापिसात लागले. नात दीपिका म्हणली, आजी, या वयात लाज काढतीस. म्हणलं, तिथं चहा तरी दुधाचा मिळतो. काम सोपं. बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडायला बहिणी येतात. त्यांना गोड बोलून अंगठा द्यायला लावायचं.

९ एप्रिल
बोरीची केवळाबाई लय खट. भावानं, बन्सीधरनं, साडी पुढं केली तर म्हणली, या साडीत माझी जमीन बांधून न्यायलास का रे? हिस्सा सोडणार न्हाई, तहसीलच्या साहेबापुढं तसंच सांगणार.

१३ एप्रिल
आज साहेबापुढं जबाब होता. बन्सीधर म्हणला, बहीण आजारी हाय. वकील म्हणला, मावशी, पदर पुढं वढा, तिचं नाव पुकारलं की ओ द्या. दिली. अंगठाबी दिला. दुपारी केवळाबाई घामाघूम होऊन आली. शिपाई म्हणला, केवळाबाई येऊन गेली की. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला तोंड होतं, उघडलं न्हाई. ती पायरीवर बसली अन् तिथंच तिचा जीव गेला.

१६ एप्रिल
रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला. दुकानदार हसला, म्हणला, मावशी, इथं बोरीच्या केवळाबाईचं नाव यायलंय. घरी येऊन अंगठा दगडावर घासला. रगत आलं.

१८ एप्रिल
दीपिका म्हणती, आजी आजी करून घसा बसला. मला ऐकूच आलं न्हाई. मग बाहेरून हाक आली, केवळाबाई! माझ्या तोंडानं ओ दिली. दारात कुणी न्हाई. पायरी मात्र घामानं वली.

२० एप्रिल
ओ दिली की पाय आपोआप दाराकडं जायलेत. दीपिकानं कंबर धरली. वकिलाला म्हणलं, खरं सांगून टाका. म्हणला, मेली ती, तुमी गप बसा.

२१ एप्रिल
तोंडात पदर कोंबला. तरी ओ गेलीच. तिचा हिस्सा म्या घालवला— आता ती माझं—

२२
हाक उंबऱ्यात आली. दीपिका, कवाड लावू नको. बन्सीधरला आण. दारात उभा कर. जमीन त्यानं घेतली, आता ओ त्यानंच द्यायची. म्या न्हाई. त्यानंच—