लाटसाहेबाचे पाय

पंचवटी, नाशिक
८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. भागीआत्यास,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोललं की लिहिणं गंजतं, ही तुझी तक्रार मान्य. मी नववीत असताना तुला पाटीवर अक्षरं गिरवायला दिली होती, तेव्हा तू माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाली होतीस की भाचीनं आत्याला शिकवायचे दिवस आले. आता तुझ्या ‘ळ’ला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

आजाला खाली बसव आणि मग पुढचं वाचून दाखव. आमच्या संस्थेत जुन्या मोडी कागदांची देवनागरी नक्कल करायचं माझं काम तुला ठाऊक आहे. काल दिंडोरीकडचं, फडक्यात बांधलेल्या कागदांचं एक बासन सोडलं. त्यात कुणा कुलकर्ण्याच्या हातचं एक पान निघालं. वरचा कोपरा फाटलेला, त्यामुळे साल नाही आणि साहेबाचं नावही नाही. पण आपल्या पिंपळबारवचं नाव आहे, मुंबईच्या गव्हर्नरचा तळ गावाबाहेर पडल्याचं आहे आणि मधोमध आजाचा पणजा नाथा आहे! ओळ अशी: “नाथा याने लाटसाहेबांस बारवेवर पाय धुऊ न दिले.”

आत्या, गाव आपल्याला ‘लाटआडवे’ म्हणतं, चैत्राच्या यात्रेत पहिला नारळ आजा फोडतो, ते सगळं या एका गोष्टीवर. गावच्या पिण्याच्या पाण्यात पाय घालणाऱ्या गव्हर्नरला नाथानं अडवलं, हे लहानपणापासून ऐकत आले. पण कॉलेजात गेल्यावर वाटायचं, अशी गोष्ट प्रत्येक गावात असते. आता बारवेवर नाथाच्या नावाचा दगड बसवायला सनी सरपंच लेखी पुरावा मागत होता ना? नक्कल सोबत आहे.

आजाचा खोकला कसा आहे? माझ्यावर माया आहेच, तीत आज थोडी भर घालावी.

तुझी,
वैष्णवी

⁂

पिंपळबारव
१७ फेब्रुवारी

चि. वैष्णवीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आजानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा मी घसा बसला म्हणून सांगितलं, तर म्हणाला की नुसती नाथाची ओळ वाच, बाकीचं पाठ झालंय. मग पांढरी टोपी घालून, पत्र खिशात ठेवून सनीकडं गेला. सनी म्हणाला की आता पुराव्याचं काम झालं, दगड सिन्नरच्या कारागिराला सांगून टाकतो. आजानं साऱ्या आळीत पेढे वाटले. द्राक्षांचा खुडा चालू हाय, तरी बाया बांधावरून हाक मारून विचारतात की खरं का.

शेजारच्या शकुबाईला तू ओळखतीस. ती पेढा खाऊन म्हणाली, की तुमच्या खानदानाला अडवायचीच खोड, तुझा बाप आजून बांधावरून माझी शेळी जाऊ देत नाय. आजाला राग आला नाय, उलट हसला. लय वर्षांनी असा हसला गं.

कारागिराला मजकूर महिन्याभरात पायजे. तू शिकलेली, तूच लिहून दे. दोन वेळा जेव. माझा जीव तुझ्यापाशी हाय, तो तिथंच राहू दे.

भागीआत्या

⁂

पंचवटी, नाशिक
२४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी तू एकटीनं वाच.

आमच्याकडे पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात: पान आधी पूर्ण वाचायचं, मग लेखणी उचलायची. मी तो मोडला. नाथाचं नाव दिसलं आणि तेवढीच ओळ उतरवून तुला धाडली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळभर अक्षरं सलग चालतात. कागदावर आहे ते ‘पायधुऊनदिले’. मधली जागा माझी. मी ‘धुऊ’पाशी तोडलं, म्हणून ‘धुऊ न दिले’ झालं. ‘धुऊन’पाशी तोडलं, तर नाथानं साहेबाचे पाय धुऊन दिले असं होतं.

काल अख्खं पान वाचलं. ती तळासाठी घेतलेल्या वेठीची यादी आहे. एकोणीस माणसं, आणि कुणी काय दिलं. एकानं गवत कापून दिलं, एकानं कोंबड्या धरून दिल्या, एकानं गाड्या जुंपून दिल्या. एका गाडीत तर साहेबाचा नुसता आंघोळीचा टब होता. सगळ्या ओळींचा शेवट तसाच सलग. अशा यादीत नाथा एकटाच नकार देणारा कसा असेल? आणि नकार दिला असता, तर कुलकर्ण्यानं तो इतक्या शांतपणे कोंबड्यांच्या खाली लिहिला असता का?

मला चौदा आणे वाटतं की त्यानं पाय धुतले. मनाला विचारून पाहिलं की गप्प बसता येईल का. कागद परत बासनात गेला की दुसरं कुणी पन्नास वर्षं तो उघडणार नाही. पण दगडावर माझी चूक कोरली जाईल आणि आजा तिच्यापुढे उभा राहून नारळ फोडेल, हे मला सहन होणार नाही. आजाला सांगायचं कसं, तेही सुचत नाही. काल रात्री ताट तसंच सारलं.

रागाव, पण दूर लोटू नकोस.

वैष्णवी

⁂

पिंपळबारव
१२ मार्च

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद. आधी जेव.

तुझ्यावर रागावले, खोटं कशाला बोलू. इतक्या पिढ्यांचा मान बोटभर जागेत घालवलास, असं चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणाले. मागं आजा उभा होता. मग त्याला सारं वाचून दाखवावंच लागलं. त्यानं टोपी काढून खुंटीला टांगली, दोन दिवस घातली नाय. तिसऱ्या दिवशी विचारलं, की पाणी गार होतं का ऊन, ते लिवलंय का? मी नाय म्हणाले. मग म्हणाला की सनीला सांग, गाव बोलव.

चावडीपुढं सगळी जमली. आजा उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या नाथानं लाटसाहेबाचे पाय धुतले, नातीनं कागद वाचलाय, आजपासून आम्हाला लाटआडवे म्हणू नका, आन् पहिला नारळ दुसऱ्या कुणी घ्या. मी खाली बघत होते.

मग मी तुझ्या पत्रातलं गवताचं, कोंबड्यांचं वाचलं. तशी शकुबाई उठली. म्हणाली, कोंबड्या आमच्या घरच्या, अख्ख्या गावात तेव्हा आम्हीच पाळायचो. आन् मधली जागा कुणीबी कुठंबी सोडू शकतं, तर आमच्या आजेसासऱ्याच्या बापानं कोंबड्या ‘धरू न दिल्या’! लगेच मंगळू म्हणाला की आमच्याबी घरानं गवत कापू न दिलं. गाडीवाल्यांचे वारस मागं कसे राहतील, त्यांनी गाड्या जुंपू न दिल्या. सनीनं डोक्याला हात लावला. विचारतो कसा, की मग लाटसाहेबानं खाल्लं काय आन् टब डोक्यावर घेऊन आला का? सारा गाव हसला. आजाबी हसला, पण तोंड टोपीनं झाकून.

घरी आल्यावर त्यानं दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. एक, टब संगती होता तर साहेब पाय धुवायला बारवेवर कशाला गेला? दुसरी, तळ किती दिवस होता? बघून लिव.

नारळ आजानं परत घेतला नाय. तेवढं मला लागलं.

आत्या

⁂

पंचवटी, नाशिक
१९ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि रडलेही. एकाच वेळी दोन्ही, त्यामुळे खोलीतल्या मुलीला वाटलं मला नोकरीवरून काढलं.

टबाचं उत्तर कुठेच नाही. मला वाटतं, टब आंघोळीसाठी होता आणि बारव बघण्यासाठी. साहेबाला गावचं पाणी आपलंही आहे असं वाटलं असावं. पण हे माझं वाटणं आहे, कागदाचं नाही. तळाचं मात्र त्याच बासनात सापडलं. आधीच्या कागदात तीन मुक्कामांची सोय करावी असा हुकूम आहे. नंतरच्या कागदात दुसऱ्या दिवशी सकाळी तळ उठला, एवढंच. कारण लिहिलेलं नाही. मी चार दिवस शोधलं. गवत संपलं असेल, साहेबाला ताप आला असेल, किंवा एकोणीस घरांनी खरंच काही दिलं नसेल. आजाला सांग, यावरून मी काहीच ठरवू शकत नाही आणि ठरवणारही नाही.

दगडाचा मजकूर सोबत आहे. एकोणीसही नावं आणि त्यांच्या ओळी घातल्या आहेत. नाथापुढे मी ‘पाय धुऊन दिले’ असं लिहिलं, कारण मला तेच जास्त खरं वाटतं. आजाला नको असेल, तर दगडच नको. मी आता दुसरी चूक करणार नाही.

माझ्या वाट्याची माया कमी झाली असेल, तर उरली तेवढी पुरे.

वैष्णवी

⁂

पिंपळबारव
१६ एप्रिल

चि. वैष्णवीस,
भरभरून आशीर्वाद.

यात्रा झाली. एकोणीस घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, मंगळूची निघाली. त्याला पहिला नारळ फुटेना. आजा पायरीवर बसला होता, त्याचा हात आपोआप वर झाला आणि परत मांडीवर आला. मग त्यानंच मंगळूला सांगितलं, की शेंडी धर आन् डोळ्याच्या बाजूनं मार. फुटला.

दगड बसला. पण तुझा मजकूर जसाच्या तसा नाय. आजा म्हणाला, की कागदात जागा सोडलेली नाय, मग पोरीनं आपल्या मनानं का सोडली? पहिल्यांदा आमच्या बाजूनं सोडली, आता आमच्या विरुद्ध. दगडात कुठंच सोडायची नाय. सिन्नरचा कारागीर भांडला, की असं सलग कोरलं तर कुणाला वाचता यायचं नाय, नाव माझं खराब होईल. आजा त्याला म्हणाला, मला तर जागा सोडली तरी वाचता येत नाय.

काल तो बारवेवर गेला आन् मला नाथाच्या ओळीवर त्याचं बोट ठेवायला सांगितलं. सावकाश अक्षरं चाचपत गेला. मी विचारलं, की बाबा, काय लागतंय? म्हणाला, तू गप ऱ्हा, जिथं बोट अडंल तिथं माझा नाथा.

आजून रोज जातो. तू ये, म्हणजे तुझं बोट कुठं अडतं ते बघू.

तुझीच,
भागीआत्या