संमती मिळणेबाबत

२ नोव्हेंबर २०२४, दिवाळी पाडवा. सकाळी ९.३०
ओवाळायला घरात कोणी नाही. कुशा बारामतीला, मुलीकडे. श्रेयाच्या बाळंतपणाला गेलेली. बाळंतपण मार्चमध्ये झालं. नात छकुली आता रांगते म्हणे. पण बाळंतिणीला जपावं लागतं, त्यात घाई करून चालत नाही.
शेजारच्या सिंधुबाईंनी करंज्या दिल्या. विचारत होत्या, कुशाताई कवा येणार. म्हटलं, येतीलच. म्हणाल्या, भाऊसाहेब, तुमी हे गणपतीत बी म्हणला हुता.
पाडव्याला बायकोला ओवाळणी घालायची असते. यंदा अशी घालणार की इंदापूर बघत राहील. पुढच्या अंगणात नवं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पंधरा वर्षं अंधाऱ्या स्वयंपाकघराबद्दल कुरकुर ऐकली. आता बोल म्हणावं.
संकल्प: डिसेंबरअखेर बांधकाम परवानगी. संक्रांतीला कुशा घरी.

४ नोव्हेंबर
नगरपरिषदेत जाऊन आलो. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, काका, आता सगळं ऑनलाइन असतं, लायसन्सवाल्या इंजिनिअरमार्फत फाइल टाका. मनात हसलो. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी केली. पाण्याचे किती अर्ज आले, किती मी परत पाठवले याला गणती नाही. कुणी खाडाखोड केलेली, कुणी गट नंबर विसरलेला. फाइल काय असते ते मला शिकवणार का हा?
इंजिनिअर फक्त सही-शिक्क्यापुरता बघायचा. प्लॅन मी स्वतः काढणार.

९ नोव्हेंबर. रात्री
ग्राफ पेपरवर प्लॅन पूर्ण. पाच दिवस लागले, पण काय झालाय! वर देवघर आणि एक खोली. खाली स्वयंपाकघर आठ बाय नऊ, शेजारी माझं ऑफिस बारा बाय चौदा. रिटायर माणसाला कागदपत्रं ठेवायला जागा लागतेच.
कुशाला फोन करून सांगावं असं वाटलं. नाही केला. सरप्राइज. शिवाय फोनवर ती हल्ली दोनच वाक्यं बोलते. जेवलात का. गोळी घेतली का. तिसरं वाक्य मी बोलायला लागलो की छकुली रडते.

१८ नोव्हेंबर
दीपक नावाचा इंजिनिअर गाठला. वयाने लहान, पण शिक्का आहे. प्लॅन दोनदा उलटसुलट करून बघितला. प्रभावित झाला असावा. मग म्हणाला, काका, वर जायचं कसं?
जिना राहिला होता.
किरकोळ बाब. त्याला म्हटलं, असले तपशील बघायलाच तुला नेमलंय. म्हणाला, आणि काका, काकूंचं स्वयंपाकघर तुमच्या ऑफिसच्या निम्मं पण नाही, काकूंना विचारलं का? हल्लीच्या मुलांना बोलायचं भान नसतं. घरातल्या गोष्टी बाईमाणसाला विचारत बसलो असतो तर हे घरही उभं राहिलं नसतं.

२७ नोव्हेंबर
अडचण. मालमत्ता पत्रकावर दोघांची नावं आहेत. प्लॉट सासऱ्यांनी दिलेला, तेव्हा तिचंही नाव लावलं होतं, माझ्या लक्षातून गेलं. दीपक म्हणाला, दोन्ही मालकांची सही लागेल. काकू येऊ शकत नसतील तर नोटरीपुढे संमतीपत्र करून पाठवू दे. एक फोन करा की काका.
फोन करणार नाही. कारण साधं आहे. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुरावा नसतो.

२८ नोव्हेंबर
रजिस्टर पोस्टाने संमतीपत्राचा कोरा नमुना पाठवला. सोबत पत्र.
प्रति, सौ. कुशाबाई. विषय: बांधकाम परवानगीकरिता संमती मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की... छान उतरलं. शेवटी, सात दिवसांच्या आत सही करून परत पाठवावे, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.
लग्नाआधी मी तिला एकही पत्र लिहिलं नव्हतं. तिची तक्रार असायची. आता ती पण हौस फिटेल.

६ डिसेंबर
उत्तर नाही. मुदत संपली. स्मरणपत्र क्र. १ रवाना.

१० डिसेंबर. दुपारी
श्रेयाचा फोन. आवाज चढलेला. म्हणाली, पप्पा, आईला स्मरणपत्र? पोस्टमन सही घ्यायला दारात उभा, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतंय कोर्टाची नोटीस आली. म्हटलं, आई काय म्हणाली? श्रेया म्हणाली, आईनं वाचलं, घडी घातली आणि भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, पप्पा, तुम्हाला खरंच कळत नाही का, की कळून घ्यायचं नाही?
बाळंतपणानंतर मुली चिडचिड्या होतात. नऊ महिने झाले तरी.
स्मरणपत्र क्र. २ तयार होतं. पाठवलं नाही. समक्ष जाणार.

१५ डिसेंबर, रविवार. बारामतीहून परत, रात्री ८
एसटीने गेलो. वाटेत सगळीकडे उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे तासभर उशीर. हातात प्लॅनची गुंडाळी, कुणाला बसू दिलं नाही शेजारी.
श्रेयाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात होतो तेव्हा वरून हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं, पोटातून. ओळखीचा वाटला, पण पटेना. कुशा हसत होती. खालच्या मजल्यावरच्या दोघी बायका आल्या होत्या आणि ही काहीतरी नक्कल करून दाखवत होती. मी दारात दिसलो आणि ती गप्प झाली. डोक्यावर पदर घेतला. बायका उठून गेल्या.
पाहुण्याला देतात तसा ट्रेमधून चहा दिला.
टीपॉयवर प्लॅन पसरला. समजावून सांगितलं. जिनाही दाखवला. ती पुष्कळ वेळ बघत होती. मग म्हणाली, अहो, ह्यात खिडकी कुठंय?
मागच्या बाजूला आहे की, म्हटलं, गटाराकडं जरा, पण हवा येते. ती म्हणाली, रस्त्याकडची.
आता ही जुनी भानगड. जुन्या स्वयंपाकघराला रस्त्याकडे खिडकी होती. २००९ साली मी ती विटांनी बुजवून घेतली, तिथे लोखंडी कपाट ठेवायचं होतं. शिवाय बायकांनी येणारं-जाणारं बघत बसावं हे बरं दिसत नाही. एवढीशी गोष्ट. पंधरा वर्षं लक्षात ठेवावी?
सहीचं विचारलं. म्हणाली, बघते.
बघते म्हणजे जवळपास हो. आमच्या ऑफिसात साहेब बघतो म्हणाले की काम झालंच समजायचं.
छकुली माझ्याकडे आली नाही. अनोळखी माणसाला मुलं बिचकतात. पण मी अनोळखी कसा?

१६ डिसेंबर
दीपकला सांगितलं, खिडकी रस्त्याच्या बाजूला घे. मोठी घे. चार बाय पाच. माझं ऑफिस काढून टाक. तो म्हणाला, काका, अख्खं? म्हटलं, अख्खं. कागदपत्रं काय, कॉटखाली राहतात.
स्वयंपाकघर बारा बाय चौदा. रात्री झोप छान लागली.

२ जानेवारी २०२५
नवं वर्ष. ओट्याच्या फरशीचा रंग ठरवायला घेतला. तिला कुठला रंग आवडतो? अर्धा तास आठवत होतो. साड्या आठवल्या. सगळ्या मीच आणलेल्या.
सिंधुबाईंना सहज विचारलं. म्हणाल्या, पिवळा, लिंबावानी. मग त्यांनी नको ते सांगितलं. खिडकी बुजवली त्या टायमाला चार दिस रडत हुती ताई, तुमाला ठावं न्हाय व्हय? त्या खिडकीतनंच आमी दोघी बोलायचो. तुमच्या घरात तिला दुसरं कोण हुतं बोलायला?
घरी येऊन कपाट ओढून बघितलं. मागं विटा. गिलावासुद्धा धड केला नव्हता मी. विटांवरून हात फिरवत उभा राहिलो. मला कुणी सांगितलं असतं तर. पण कोण सांगणार? ती एकदा म्हणाली होती बहुतेक. मी म्हटलं होतं, लेखी दे.
गमतीत म्हटलं होतं मी.

१३ जानेवारी, भोगी. दुपारी १.१५
रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं! संमतीपत्र. नोटरीचा शिक्का, फोटो, सही, सगळं जिथल्या तिथं. माझ्या तेहतीस वर्षांत इतका स्वच्छ कागद बघितला नाही.
सोबत वहीच्या पानावर तिच्या हातचं पत्र. सातवी शिकलेली, अक्षर गोल. तीन वाक्यं.
बांधकामास माझी हरकत नाही. राहायला मी येणार नाही. तब्येतीला जपा.
पाच-सहा वेळा वाचलं. शांतपणे विचार केला. तीनपैकी दोन वाक्यं आपल्या बाजूची आहेत. म्हणजे बहुमत. मधलं वाक्य रागाचं. खिडकी बघितली की राग जाईल. चार बाय पाचची खिडकी आहे.
संक्रांतीचा तिळगूळ पोस्टाने पाठवला. तो साध्या पोस्टाने.

२४ फेब्रुवारी
परवानगी मिळाली! दीपकने मोबाईलवर दाखवली. नगरपरिषदेने एकही त्रुटी काढली नाही. दीपक पेढे मागत होता. आणले. तो एक खाऊन गेला, बाकीचे डब्यात आहेत. एकट्याने किती खाणार?
कुशाला फोन केला. म्हटलं, परवानगी आली. म्हणाली, बरं झालं. म्हटलं, गुढीपाडव्याला भूमिपूजन आहे, दोघांनी बसावं लागतं. म्हणाली, गोळी घेतली का. घेतली, म्हटलं. घेतली नव्हती.
निमंत्रण पत्रिका छापायला टाकल्या. खाली दोघांची नावं. पत्रिका छापून आल्यावर माणूस नाही म्हणत नाही.

२९ मार्च. रात्री ११
तिच्यासाठी साडी आणली. पिवळी, लिंबासारखी. पाटावर घडी घालून ठेवली आहे. सकाळची पहिली एसटी बारामतीहून पावणेनऊला पोचते. मुहूर्त साडेनऊचा. सगळं बसतं.

३० मार्च, गुढीपाडवा. संध्याकाळी
पावणेनऊची आली. नंतरचीही आली. स्टँडवर दोन्हीला उभा होतो.
मांडवात चाळीस माणसं. गुरुजी घाई करत होते, मुहूर्त टळतोय म्हणाले. मग त्यांनीच तोडगा काढला. यजमानीण बाई हजर नसली तर कमरेला सुपारी खोचून पूजेला बसता येतं, शास्त्रात सोय आहे. सगळ्यांदेखत धोतराच्या गाठीत सुपारी खोचली. सिंधुबाई तोंड फिरवून उभ्या होत्या. मी मंत्र म्हणत होतो आणि उजव्या बाजूचा पाट रिकामा होता. कुदळ मारताना नेम चुकला. वय झालं, असं म्हणणार होतो. खोटं आहे ते. मला रडू येत होतं.
लोक जेवून गेले.
सहा वाजता तिचा फोन आला. स्वतःहून केला होता. विचारलं, झाली का पूजा. म्हटलं, झाली. म्हणाली, शेजारी कोण बसलं? म्हटलं, सुपारी.
ती हसली. जिन्यातून ऐकलं होतं तसं नाही, बारीकसं. मग म्हणाली, सुपारीचं बरं हाय. तिला काय बी इचारावं लागत न्हाय.
मी लगेच विचारलं. कुशा, तू कशी आहेस? तुला तिथं बरं वाटतं का? सगळं एका दमात. मग मोबाईलकडे बघितलं. फोन आधीच ठेवलेला होता.
दीपकचा मेसेज आलाय, काका, उद्या सकाळी खोदाईला जेसीबी पाठवतो. त्याला कळवलं, नको. त्याने विचारलंय, मग कधी.
अजून उत्तर दिलेलं नाही.