पहार मारून मगच वाटा उचलावा

मी, भिमाजी सखाराम भोर, वय ७८, धंदा शेती, राहणार अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला कोणी धाक घातलेला नाही की काही पाजलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. पत्नी चिमाबाई हिचे मत वेगळे आहे, ते तिने तिच्या मृत्युपत्रात लिहावे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मंचरचे वकील म्हणाले, "आजोबा, थोडक्यात लिहा." थोडक्यात लिहायला मी काय तार करतोय?

१. राहते घर चिमाबाई जिवंत असेपर्यंत तिचे. कोणाला ठेवायचे, कोणाला हाकलायचे ते तिने ठरवावे. आजवर तीच ठरवत आली आहे. तिच्यामागे घर मुलगा अमृत याचे. बँकेतली ठेवही चिमाबाईची. त्यातून ती दोन्ही लेकींना काय देते हे विचारायला कोणी जाऊ नये.

२. विहिरीवरचे दीड एकर, ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप अमृतला. अमृत, पंप वापरून झाला की धुवायचा असतो. वीस वर्षे तोंडी सांगितले, आता कायदेशीर सांगतो. या कागदात ज्याचे नाव घ्यायचे राहिले असेल किंवा जे कोणाला देता येणार नाही, तेही अमृतलाच.

३. शेजारी गेणभाऊ याने बांध कोरून कोरून माझी दोन हात जमीन खाल्ली. ती मी त्याला माफ केली. तेराव्याला त्याला जेवायला बोलवावे. बुंदी मात्र एकदाच वाढावी.

४. आता नदीकाठच्या जमिनीबद्दल. हे कलम लांबणार आहे, वाचणाऱ्याने बूड टेकावे.

घोड नदीच्या काठाला आमच्या वडिलांचे चार एकर होते, वरचे दोन आणि खालचे दोन. सगळा पोयटा, म्हणजे काळी कसदार माती. १९८३ साली पूर आला. धरण व्हायच्या आधीची गोष्ट. पुराने खालच्या तुकड्यातला पोयटा धुऊन नेला, तिथे वाळू भरली, आणि जाताजाता त्या वाळूवर वीतभर गाळ पसरून दिला. वरून बघाल तर दोन्ही तुकडे सारखेच काळेशार.

फरक काय, ते नातवंडांना कळावे म्हणून लिहितो. ओली माती मुठीत दाबायची. पोयट्याचा लाडू वळतो आणि बोटाने टोचला की अलगद फुटतो. वाळूचा लाडू वळतच नाही, मूठ उघडली की सगळे खाली. पोयट्याला आज पाणी दिले तर आठ दिवस बघायला नको. वाळूला दिले तर आपण घरी पोचून चूळ भरेपर्यंत ती पुन्हा तहानलेली. खत घाला, पाण्याबरोबर खाली जाते. तिचे गुण दोनच. पावसानंतर वाफसा लवकर येतो, म्हणजे पाय न रुतता दुसऱ्याच दिवशी आत जाता येते. आणि गाजर सरळ येते. बाकी ज्याच्या वाट्याला वाळू, त्याची नुसती मरमर.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्हा भावांची वाटणी झाली. आमच्यात रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. थोरला मी, धाकटा रखमाजी. आदल्या दिवशी मी एकटाच गेलो आणि दोन्हीकडे पहार मारून बघितली. वरच्या तुकड्यात ती दोन हात गपगार आत गेली. खालच्यात वीतभर गेली आणि कचकच वाजली.

दुसऱ्या दिवशी पाच माणसांसमोर रखमाने खालच्या तुकड्याकडे बोट केले. मी बोललो नाही. वर घार बघत राहिलो. आभाळात घार नव्हती.

मला तीन लेकरे होती आणि रखमाचे नुकतेच लग्न झाले होते, हे कारण मी स्वतःला चाळीस वर्षे सांगितले. गेल्या महिन्यात चिमाबाईला सांगितले. ती म्हणाली, "त्याला काय लेकरं व्हणार नव्हती का?"

पुढच्या वर्षी नांगराला वाळू लागली. रखमाने भांडण केले नाही, पंच बोलावले नाहीत. फक्त माझ्याशी बोलणे सोडले. आणि मी काय केले? "रखमाला माती कळत नाय," असे गावभर सांगत फिरलो. मेल्याहून मेल्यासारखे होते आता हे लिहिताना.

५. म्हणून वरचा पोयटा, दोन एकर, मी माझा भाऊ रखमाजी याला देतो. अमृतला हे आधी कळवले आहे. तो म्हणाला, "आण्णा, जमीन तुमची," आणि तीन दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलला. बाळा, माझे पाप तुझ्या सातबाऱ्यावर चढू नये एवढेच बघतोय. रागावू नको.

६. पहारही रखमालाच.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून मंचरचा पीयूष आला. त्याचे वडील रमणलाल यांच्या दुकानातून मी आयुष्यभर बियाणे घेतले. कलम ५ माझ्या जिवंतपणी ऐकावे म्हणून रखमालाही निरोप धाडला होता. येईल असे वाटले नव्हते. आला. ओसरीच्या कडेला बसला, चहा घेतला नाही. पीयूषने सगळे वाचून दाखवले.

रखमा म्हणाला, "दादा, पहार मी बी मारली व्हती. तुझ्या आधी."

विचारले, "मग खालचा उचललास कशाला?"

"तू म्हणशील असं वाटलं व्हतं, ‘तो नको, रखमा.’ तेवढंच ऐकायचं व्हतं. मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हतो, अन् तू घारी मोजत बसला."

मग त्याने पीयूषला विचारले, "भाऊ, साक्षीदाराला यातलं काय घेता येतं का?"

पीयूष म्हणाला, "नाही काका. वकील म्हणाले, साक्षीदार म्हणून सही केली की त्याला लिहून दिलेलं रद्द होतं."

"झ्याक. मग आण पेन हिकडं. पोयटा अमृतला ऱ्हाऊ दे. माझी गाजरं लई सरळ येत्यात."

तो आता पेन धरून माझ्यासमोर बसला आहे. म्हणतो, आधी तुझी सही, मग माझी. समजावले, रागावलो, चिमाबाईनेही सांगून पाहिले. हलत नाही. पहार तेवढी मी आत्ताच त्याच्या हातात दिली, ती त्याने घेतली. माझ्याकडे त्याला देण्यासारखे एकच उरले आहे. चाळीस वर्षे उशिरा, पण शुद्धीवर आणि राजीखुशीने देतो.

७. तो नको, रखमा. खाली वाळू आहे.

ठिकाण: अवसरी बुद्रुक, घरची ओसरी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: भिमाजी सखाराम भोर (सही)

साक्षीदार १: पीयूष रमणलाल, बियाणे-खतांचे दुकान, मंचर (सही)

साक्षीदार २: रखमाजी सखाराम भोर, धाकटा भाऊ (सही, शेजारी त्याच्याच अक्षरात: "ऐकलं.")